उपवासकाळ : पश्चात्ताप कुणी करायचा?

फेब्रुवारी-मार्चमधल्या एका बुधवारी आपल्या वस्त्यांतली काही माणसे कपाळावर राखेचा क्रूस घेऊन कामाला निघतात. शेजारचा बौद्ध तरुण ते पाहतो आणि मनात म्हणतो, कपाळावरचे गंध आपण पुसले, भस्म पुसले. मग यांनी हे पुन्हा कशाला लावले? प्रश्न रास्त आहे. तो टाळून चालणार नाही. कारण नगर जिल्ह्यात आणि मराठवाड्यात कितीतरी ठिकाणी ख्रिस्ती घर आणि बौद्ध घर एकाच भिंतीच्या दोन बाजूंना आहे. आजा-पणजा एक, आडनाव एक, गावकुसाबाहेरची जागा एक. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशनच्या काळात आणि त्यानंतर जे महार-मांग ख्रिस्ती झाले, त्यांची ही नातवंडे-पतवंडे. एका भावाने येशूचा हात धरला; दुसरा १९५६ साली बाबासाहेबांच्या मागून बुद्धाकडे गेला. मराठी वाचकाला ख्रिस्ती म्हटले की पंडिता रमाबाई आणि रेव्हरंड टिळक तेवढे आठवतात. पण देशावरचा आणि मराठवाड्यातला बहुसंख्य ख्रिस्ती समाज ब्राह्मणवाड्यांतून आलेला नाही, महारवाड्या-मांगवाड्यांतून आलेला आहे.

म्हणून या आपल्या माणसांच्या वर्षातला सर्वांत गंभीर काळ कोणता, त्यात ते काय करतात, आणि त्या करण्याला आपल्या मुक्तीच्या प्रश्नाशी काही देणेघेणे आहे काय, हे समजून घेतले पाहिजे. या लेखात तेवढेच करायचे आहे. ख्रिस्ती धर्माची वकिली करायची नाही. टवाळीही करायची नाही.

काळाची घडण

इंग्रजीत ज्याला लेंट म्हणतात त्याला मराठी ख्रिस्ती माणूस उपवासकाळ किंवा प्रायश्चित्तकाळ म्हणतो. राखेच्या बुधवारी तो सुरू होतो आणि ईस्टरच्या तोंडाशी संपतो. ईस्टर हा येशूच्या पुनरुत्थानाचा सण. त्याची तारीख चंद्रावर ठरते : २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पौर्णिमा येईल, तिच्या पुढचा रविवार. म्हणून राखेचा बुधवारही दरवर्षी मागेपुढे सरकतो. बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत दिवस मोजले तर ते ४६ भरतात. त्यांतले सहा रविवार उपवासाचे धरीत नाहीत, कारण रविवार हा पुनरुत्थानाचा वार. उरतात ४०.

हा ४० चा आकडा बायबलमध्ये पुन्हा पुन्हा येतो. मोशे डोंगरावर ४० दिवस राहिला. एलीया ४० दिवस चालत राहिला. येशू बाप्तिस्मा घेतल्यावर ४० दिवस अरण्यात उपाशी राहिला. आणि या सगळ्यांच्या मागे आहेत ती ४० वर्षे : मिसर देशातल्या गुलामगिरीतून सुटलेले इस्राएल लोक ४० वर्षे रानात भटकले. ही गोष्ट कार्यकर्त्याने नीट वाचावी अशी आहे. मालकाच्या हातून सुटका एका रात्रीत झाली. पण रानात भूक लागताच तेच लोक मिसरातल्या मांसाच्या हंड्या आठवून रडू लागले. गुलामाचे अंग लवकर सुटते, मन सुटायला एक पिढी जाते. उपवासकाळाचे ४० दिवस या ४० वर्षांची आठवण आहेत.

अरण्यात येशूची तीनदा परीक्षा झाली असे मत्तय आणि लूक सांगतात. सैतान त्याला म्हणतो, दगडांच्या भाकरी कर. मंदिराच्या टोकावरून उडी घे, देवदूत तुला झेलतील. मला दंडवत घाल, सगळी राज्ये तुझी. भाकर, चमत्कार आणि सत्ता. येशू तिन्ही नाकारतो. आपल्या चळवळी कुठे फुटल्या, कोण कशासाठी फुटला, याचा हिशेब मांडायला बसले तर या तीन मोहांपलीकडे फारसे काही निघणार नाही. गरिबाला भाकरीने, वक्त्याला टाळ्यांनी आणि पुढाऱ्याला खुर्चीने विकत घेतले जाते, हे सांगायला धर्मग्रंथच हवा असे नाही. पण तो सांगतो ही गोष्ट खरी.

हा काळ जुना आहे. इ.स. ३२५ मध्ये नायसिया येथे भरलेल्या परिषदेच्या नियमांत या चाळीस दिवसांचा उल्लेख येतो. त्या शतकांत नव्याने ख्रिस्ती होणाऱ्यांना ईस्टरच्या रात्री बाप्तिस्मा देत. त्यापूर्वीचे आठवडे त्यांच्या तयारीचे. शिकवण ऐकायची, उपास करायचा, जुने जगणे तपासायचे. हळूहळू त्यांच्याबरोबर सगळी मंडळीच हा काळ पाळू लागली. म्हणजे उपवासकाळ हा मुळात धर्मांतराच्या तयारीचा काळ आहे. आणि ईस्टरच्या रात्री दीक्षा घेणाऱ्याला आधी विचारतात ते 'तू काय मानतोस' हे नव्हे, तर 'तू काय टाकतोस' हे. सैतानाचा, त्याच्या कृत्यांचा, त्याच्या थाटमाटाचा त्याग करतोस काय? त्याग केल्यावर मग श्रद्धेचे प्रश्न. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांचा क्रम ज्यांना पाठ आहे, त्यांना हे ओळखीचे वाटेल. तेथेही आरंभ नकाराने आहे. जुने देव, जुने विधी, जुनी गुलामी आधी नाकारायची. मग धम्म स्वीकारायचा. नकारावाचून स्वीकार पोकळ असतो, हे दोन्हीकडे ओळखलेले आहे.

आता राखेविषयी. येशू यरुशलेमेत शिरला तेव्हा लोकांनी झावळ्या हलवून त्याचा जयजयकार केला, त्या आठवणीचा झावळ्यांचा रविवार उपवासकाळाच्या शेवटच्या आठवड्यात येतो. त्या दिवशी वाटलेल्या झावळ्या लोक घरी जपतात. पुढच्या वर्षी त्या जाळून त्यांची राख करतात आणि तीच कपाळावर लावतात. काल ज्याचा जयजयकार केला त्याला पाच दिवसांत क्रूसावर जाऊ दिले, त्या गर्दीत आपणही होतो, अशी ती कबुली. लावताना आठवण करून देतात की माणूस मातीचा आहे आणि मातीलाच मिळणार आहे. ही राख अंगावर पुण्य चढवीत नाही, पंथाची खूण म्हणून मिरवायची नसते, तिने कुणी शुद्ध होत नाही. बिशपाच्या कपाळाला आणि झाडूवाल्याच्या कपाळाला एकाच वाटीतली राख लागते. निदान लागायला हवी. या 'निदान'कडे पुढे यायचे आहे.

भुकेल्याला उपवास कसला?

पहिला आक्षेप पोटाचा आहे. आपल्या समाजात उपवास या शब्दाला दोन अर्थ आहेत. वरच्या आळीत उपवास म्हणजे साबुदाणा, वरी, रताळी. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण त्या आळीतच जन्मली. खालच्या आळीत उपवास म्हणजे चूल न पेटणे. ज्याला चाळीसच काय, वर्षाचे कितीतरी दिवस सक्तीने उपाशी राहावे लागले, त्याला उपवासाचे महत्त्व सांगणे ही क्रूर थट्टा नव्हे काय?

चर्चचे नियम आज कडक नाहीत हे खरे. पोप सहावे पॉल यांनी १९६६ साली ते बदलले. त्यानंतर कॅथलिकांना उपवासाचे सक्तीचे दिवस दोनच : राखेचा बुधवार आणि येशूला क्रूसावर दिले तो शुक्रवार. तोही १८ ते ५९ वयाच्या धडधाकट माणसाला; एक पूर्ण जेवण आणि दोन वेळा थोडेसे. उपवासकाळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य. पण नियम सैल झाले म्हणून आक्षेप संपत नाही. तो नियमांचा नाहीच. उपवास कुणासाठी, हा आहे.

हाच वाद पाचशे वर्षांपूर्वी युरोपात झाला होता. १५२२ च्या उपवासकाळात स्वित्झर्लंडमधल्या झुरिक शहरात फ्रोशाउअर नावाच्या छापखानेवाल्याच्या घरी काही जणांनी मांसाचे सॉसेज खाल्ले. तो गुन्हा होता. छापखानेवाल्याने सांगितले की ग्रंथ वेळेत छापून व्हायचा म्हणून माझे कामगार रात्रंदिवस राबताहेत. नुसत्या लापशीवर त्यांचे भागत नाही. झ्विंग्ली या धर्मसुधारकाने त्या जेवणात मांस खाल्ले नाही, पण खाणाऱ्यांची बाजू घेतली : मांस टाकावे की खावे हे माणसाच्या विवेकावर सोडा, देवाच्या नावाने सक्ती करू नका. स्वित्झर्लंडमधली धर्मसुधारणा या प्रकरणापासून सुरू झाली असे मानतात. राबणाऱ्याच्या पोटाने धर्मनियमाला विचारलेला तो प्रश्न होता. प्रॉटेस्टंट मिशनांनी महाराष्ट्रात जो धर्म आणला त्यात उपवासकाळाला फार स्थान नव्हते, त्याचे मूळ या वादापर्यंत पोचते. आज मात्र १९७० साली नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियासारख्या मंडळ्याही हा काळ पाळतात.

पण या आक्षेपाला सर्वांत जोरदार उत्तर बायबलच्या जुन्या करारातच आहे. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाचा अठ्ठावन्नावा अध्याय उपवासावर आहे, आणि राखेच्या बुधवारनंतरच्या शुक्रवारी तो कॅथलिक चर्चमध्ये मुद्दाम वाचतात. लोक तक्रार करतात की आम्ही उपवास केला, तरी देव बघत नाही. संदेष्टा देवाच्या वतीने सुनावतो : उपवासाच्या दिवशीही तुम्ही आपला धंदा साधता, मजुरांना राबवता, भांडता, मारामाऱ्या करता. मान लवून गोणपाटावर बसणे याला तुम्ही उपवास म्हणता? बेड्या तोडा, जू मोडा, भाकरीतली अर्धी भुकेल्याला द्या, बेघराला घरात घ्या, हा उपवास. म्हणजे देवाला पोट रिकामे नको आहे, जू मोडलेले हवे आहे. हे बोल सावकाराला, जमीनदाराला, मालकाला आहेत. मजुराला नाहीत. उपवासकाळ गरिबाच्या ताटातला घास काढायला सांगत असेल तर तो उलटा लावलेला उपवासकाळ आहे.

येथेच मांसाचा मुद्दा. ख्रिस्ती माणूस शुक्रवारी मांस खात नाही हे ऐकून एखाद्याला वाटेल की हाही त्याच शाकाहारी सोवळ्याचा प्रकार. तसे नाही. ब्राह्मणी उपवासात मांस विटाळ मानून टाकतात. आणि मांस विटाळ ठरले की मांस खाणारा माणूसही विटाळ ठरतो. ख्रिस्ती उपवासात मांस हे मेजवानीचे, आवडीचे अन्न म्हणून काही दिवस टाकतात. मासे चालतात. ईस्टरला तेच मांस आनंदाने शिजते. बाहेरून पोटात जाणारे काहीही माणसाला विटाळीत नाही, मनातून निघते ते विटाळते, असे येशूने सांगितल्याचे मार्काने नोंदवले आहे. ज्या समाजात पोटात काय जाते यावरून माणसाची जात ठरवली, तेथे या एका वाक्याची किंमत मोठी आहे. बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस सोडा असे १९२७ साली महाडला सांगितले, तेही विटाळाच्या भाषेत नव्हे, स्वाभिमानाच्या भाषेत. स्वतः होऊन सोडणे वेगळे आणि कुणी ताटातून काढून घेणे वेगळे. २०१५ साली महाराष्ट्रात बैल-वळूंच्या कत्तलीवरही कायद्याने बंदी आली आणि गरिबाचे स्वस्त मांस गेले. त्याला कुणी त्याग म्हणू नये.

बाबासाहेबांचा आक्षेप

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे आणि तो बाबासाहेबांचा आहे. धर्मांतरित ख्रिस्ती अस्पृश्यांच्या स्थितीवर त्यांनी लिहिलेले निबंध त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाले नाहीत. महाराष्ट्र शासनाने १९८९ साली छापलेल्या समग्र वाङ्मयाच्या पाचव्या खंडात ते आले. मिशनऱ्यांनी शाळा काढल्या, दवाखाने काढले, हे ते मोकळेपणाने मान्य करतात. मग विचारतात की ख्रिस्ती झालेला अस्पृश्य अन्यायाविरुद्ध उठून का उभा राहत नाही? त्यांनी दिलेल्या कारणांतले एक थेट उपवासकाळाच्या मुळाशी जाते. हिंदू असताना अस्पृश्याला शिकवले की तुझी दशा तुझ्या पूर्वकर्मामुळे. ख्रिस्ती झाल्यावर शिकवले की माणसाचे पतन आदिपापामुळे. दोन्ही ठिकाणी दोष माणसाच्या आत शोधला. भोवतालची व्यवस्था निर्दोष सुटली.

हा आक्षेप उपवासकाळाला लावून पाहा. चाळीस दिवस एका वेठबिगाराच्या नातवाला सांगायचे, तू पापी आहेस, छाती पीट, पश्चात्ताप कर. त्याच चर्चच्या पुढच्या बाकावर बसलेल्या जमीनवाल्यालाही तेच आणि तेवढेच सांगायचे. दोघांनी एकाच सुरात कबुली द्यायची. जो मारतो तोही पापी, जो मार खातो तोही पापी. मग मारण्याचा हिशेब कुठे गेला? सर्वांना सारखेच पापी ठरवणारी समता ही शोषकाच्या सोयीची समता आहे. या आक्षेपाला जो धर्मोपदेशक उत्तर देत नाही, त्याने दलित वस्तीत उपवासकाळाचे प्रवचन करू नये.

पाप कोणते, परतफेड कोणती?

उत्तर देण्याचा प्रयत्न झालेला आहे, आणि तो आपल्याच माणसांनी केला. महाराष्ट्रातल्या दलित ख्रिस्ती घरातून आलेले अरविंद निर्मळ यांनी १९८१ साली बेंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात भाषण करून भारतीय ख्रिस्ती धर्मचिंतनाला आव्हान दिले. तोपर्यंतचे हे चिंतन उच्चवर्णीय धर्मांतरितांनी वेदान्ताच्या भाषेत केलेले होते. चर्चमध्ये बसणारे बहुसंख्य दलित त्यात कुठेच नव्हते. निर्मळ यांनी म्हटले की आमचा देव सेवक आहे, आणि सेवा हे आमच्या बापजाद्यांचे काम होते. तेव्हा देव आमच्या बाजूचा आहे. पुढे मद्रासच्या गुरुकुल लुथेरन कॉलेजात त्यांनी दलित धर्मचिंतनाचा विभाग चालवला.

या दृष्टीने पाहिले तर पश्चात्तापाचा अर्थ पालटतो. नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द 'मेटानोइया'. त्याचा अर्थ छाती पिटणे नव्हे. मन पालटणे, तोंड फिरवणे, उलट दिशेने चालू लागणे. मग जुलूम करणाऱ्याने कोणत्या दिशेने तोंड फिरवायचे आणि जुलूम सोसणाऱ्याने कोणत्या, हे एक असूच शकत नाही. जुलूम करणाऱ्याचा पश्चात्ताप कसा असतो, ते लूकने जक्कयाच्या गोष्टीत दाखवले आहे. जक्कय जकातदारांचा मुख्य, लोकांना नागवून श्रीमंत झालेला. येशू त्याच्या घरी जेवायला जातो. जक्कय रडत बसत नाही. तो उभा राहून जाहीर करतो की माझी अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्यांना फसवले त्यांना चौपट परत. चौपट! भावना नाही, आकडा. भारतीय चर्चने जक्कयावर प्रवचने पुष्कळ ऐकली असतील; चौपटीचा हिशेब मांडलेला मात्र दिसत नाही.

आणि जुलूम सोसणाऱ्याचा पश्चात्ताप? त्याने स्वतःला क्षुद्र मानणे सोडायचे. भीती सोडायची. मिसरच्या हंड्यांची आठवण सोडायची. त्याच्या बाबतीत मन पालटणे म्हणजे ताठ उभे राहणे. बाबासाहेबांनी दलितांकडून जे मागितले ते हेच होते.

उपवासकाळाचा असा अर्थ जगून दाखवणारा एक माणूस दूरच्या देशात होऊन गेला. एल साल्वादोरमध्ये लष्कर शेतमजुरांना, शिक्षकांना, कार्यकर्त्यांना मारीत होते. तेथील आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांनी १९८० च्या उपवासकाळातल्या पाचव्या रविवारी, २३ मार्चला, प्रवचनात सैनिकांना आवाहन केले की मारले जाताहेत ते तुमचेच शेतकरी भाऊ आहेत. मारण्याचा हुकूम पाळू नका. दुसऱ्या दिवशी मिस्सा अर्पण करताना त्यांना गोळी घालून ठार केले. त्यांना संत घोषित करायला चर्चला २०१८ साल उजाडावे लागले. रोमेरो यांनी पश्चात्ताप मागितला तो ज्याच्या हातात बंदूक होती त्याच्याकडे. जो खड्ड्यात पडला होता त्याच्याकडे नाही.

विहीर आणि तळे

उपवासकाळाच्या तिसऱ्या रविवारी, तीन वर्षांच्या वाचनक्रमातल्या एका वर्षी, कॅथलिक चर्चमध्ये योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचतात. यहूदी लोक शोमरोनी लोकांना बाटलेले मानीत. त्यांच्या भांड्याला शिवत नसत. भर दुपारी एक शोमरोनी बाई एकटी विहिरीवर येते. येशू तिला म्हणतो, मला पाणी दे. ती चकित होते. तुम्ही यहूदी, माझ्या हातचे पाणी कसे मागता? हा प्रश्न समजायला आपल्याला भाष्यकार लागत नाही. हे आपल्या आज्यांचे रोजचे जगणे होते.

महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी आणि हजारो माणसांनी ओंजळीत घेतले तो २० मार्च १९२७ चा दिवस रविवार होता. त्या वर्षी ईस्टर १७ एप्रिलला होता. म्हणजे २० मार्च हा उपवासकाळातला तिसराच रविवार. आजचा वाचनक्रम तेव्हा नव्हता, म्हणून या योगायोगातून कुणी दैवी संकेत काढू नये. पण दोन पाणवठे शेजारी ठेवून पाहायला हरकत नाही. दोन्हीकडे प्रश्न तहानेचा नाही, हक्काचा आहे. दोन्हीकडे पाण्यावरून माणूस मोजला गेला. फरकही मोठा आहे. शोमरोनाच्या विहिरीवर वरच्याने खालच्याकडे पाणी मागून भेद मोडला. महाडला खालच्यांनी कुणाची परवानगी न घेता स्वतः पाणी घेतले, त्यासाठी मार खाल्ला, आणि नंतर सवर्णांनी तळे पंचगव्याने 'शुद्ध' केले. पहिल्या गोष्टीत करुणा आहे, दुसरीत हक्क. करुणा चांगलीच, पण ती वरच्याच्या मर्जीवर असते. हक्क मर्जीवर नसतो. उपवासकाळातल्या दानधर्माची मर्यादा येथे स्पष्ट होते. चाळीस दिवस पेटीत पैसे टाकून गरिबांना देणे वाईट नाही. पण घेणाऱ्याला हक्क मिळत नसेल तर ते पुढल्या वर्षीच्या दानाची सोय तेवढी करते.

शेवटच्या आठवड्यातले मंदिरशुद्धीचे प्रकरणही असेच. मंदिराच्या ज्या बाहेरच्या अंगणात परजातीयांना प्रार्थनेची मुभा होती, तेथेच बाजार भरला होता. येशूने सराफांचे चौरंग उलथले. निर्मळ यांनी यात परजातीयांच्या उपासनेच्या हक्काचा लढा पाहिला आणि आपल्याकडच्या मंदिरप्रवेशाशी त्याचे नाते जोडले. २ मार्च १९३० रोजी सुरू झालेला नाशिकचा काळाराम सत्याग्रह आपल्याला आठवतो. मात्र पुढचा रस्ता वेगळा आहे. येशूने मंदिर झाडून काढले. बाबासाहेबांनी शेवटी मंदिरच सोडले.

पाय

ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण करतात. योहान सांगतो की येशू भोजनावरून उठला, कमरेला रुमाल बांधला आणि शिष्यांचे पाय धुऊ लागला. पाय धुणे हे त्या देशात दासाचे काम. पेत्राला ते सहन होईना. तो म्हणाला, तुम्ही माझे पाय कधीही धुवायचे नाहीत.

हा प्रसंग इतर कोणत्याही देशापेक्षा आपल्या देशात अधिक धारदार व्हायला हवा. आपल्याकडे पायाला एक संपूर्ण समाजशास्त्र आहे. पुरुषसूक्ताने शूद्राला पायांतून जन्माला घातले. ब्राह्मणाच्या पायाचे पाणी तीर्थ म्हणून प्यायला लावले. जोतीरावांनी आयुष्यभर ज्या भटशाहीवर आसूड ओढले, तिचे हे तीर्थ नेहमीचे साधन होते. अशा देशात गुरू खाली बसतो आणि कोळ्याचे पाय धुतो, ही गोष्ट वर्णव्यवस्थेच्या शिडीलाच हात घालते. जोतीरावांनी 'गुलामगिरी'त (१८७३) येशूला पश्चिमेकडचा बळीराजा म्हणून पाहिले ते उगीच नव्हे.

त्या आठवणीने दरवर्षी चर्चमध्ये धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतात. शतकानुशतके ते बारा पुरुषच असत. २०१३ साली पोप फ्रान्सिस रोममधल्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात गेले आणि तेथल्या मुलामुलींचे पाय धुतले. त्यांत मुसलमानही होते. २०१६ साली नियमच बदलून स्त्रियांना त्यात घेतले. २०२२ मध्ये हा गुरुवार १४ एप्रिलला आला होता : सकाळी भीमजयंतीची मिरवणूक, संध्याकाळी पाय धुण्याचा विधी. एकाच वस्तीतल्या एकाच घराण्याची माणसे दोन ठिकाणी गेली असतील.

पण विधी आणि बदल यांत अंतर असते. २०१९ साली प्रयागराजच्या कुंभमेळ्यात पंतप्रधानांनी सफाई कामगारांचे पाय धुतले, त्याचे चित्र देशभर दिसले. हाताने मैला उपसण्याविरुद्धचा कायदा २०१३ चा आहे. तरीही गटारात उतरून माणसे मरायची थांबली नाहीत. पाय धुतले गेले आणि माणूस पुन्हा गटारात उतरला. हीच कसोटी चर्चला लावायची आहे. गुरुवारी ज्याचे पाय धुतले, त्याला शुक्रवारी क्रूसाच्या वाटेच्या मिरवणुकीत कुठे उभे करता? त्याची मुलगी तुमच्या घरात सून म्हणून चालते काय? तो मेल्यावर त्याला कुठे पुरता?

ताळेबंद

हे प्रश्न हवेतले नाहीत. तमिळनाडूत दलित ख्रिस्त्यांची वेगळी दफनभूमी, वेगळे बाक, मिरवणुकीची वेगळी वाट हे सारे चालत आले आहे आणि दलित ख्रिस्त्यांनी त्याविरुद्ध लढे दिले आहेत. गोव्यात चर्चमधल्या कुंफ्रादी, म्हणजे बंधुसंघ, जातीवर बांधले गेले. सणाचा मान कुणाचा यावरून भांडणे झाली. भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ साली दलितांविषयीचे धोरण प्रसिद्ध करताना चर्चमध्ये जातिभेद आणि अस्पृश्यता आहे हे लेखी मान्य केले. ही कबुली झाली. २०२२ साली हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला कार्डिनल झाले. त्या पदावरचे ते पहिले दलित. ही एक पायरी झाली. चौपटीची परतफेड अजून व्हायची आहे. चर्चच्या नामांकित शाळा-कॉलेजांत, दवाखान्यांत, संस्थांच्या कारभारात दलित ख्रिस्ती माणूस कोणत्या जागी बसतो, याचा आकडा दर उपवासकाळात चर्चच्या दारावर लावावा. राख लावण्यापेक्षा ते कठीण आहे.

दुसरा ताळेबंद राज्यसंस्थेचा. १० ऑगस्ट १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदाने हिंदूखेरीज इतर धर्माच्या माणसाला अनुसूचित जातीतून वगळले. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना त्यात घेतले. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित बाहेरच राहिले. ख्रिस्ती झाला की जात गेली, असे हा कागद सांगतो. गावातला पाटील तसे समजत नाही. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ साली ही धर्माची अट काढावी अशी शिफारस केली. २०२२ साली केंद्राने न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा आणखी एक आयोग नेमला. या प्रश्नावर बौद्धांनी तटस्थ राहू नये. १९५६ पासून १९९० पर्यंत ३४ वर्षे हाच अन्याय आपण सोसला आहे.

तिसरा ताळेबंद आपला. पावसाळ्यातला वर्षावास आपण पाळतो, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चे वाचन घरोघर होते. वर्षावासाच्या शेवटी भिक्खूसंघात पवारणा असते : प्रत्येक भिक्खू, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत, संघापुढे बसून विनंती करतो की माझ्यात काही दोष पाहिला असेल, ऐकला असेल, शंका आली असेल तर सांगा, मी सुधारीन. ख्रिस्त्यांचा उपवासकाळ आणि बौद्धांची पवारणा यांच्यात देवाचा फरक आहे, आणि तो लहान नाही. पण समाजाने वर्षातून एकदा थांबून आपला दोष दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा, ही गरज दोघांनीही ओळखली. आपल्या संघटनांनी ही पवारणा किती वर्षांत केलेली नाही? पोटजातींचे वाडे आपण मोडले काय? मांगवाड्यात आपण कितीदा जेवलो? ख्रिस्ती भावाला 'बाटगा' म्हणणे सोडले काय?

पुढल्या राखेच्या बुधवारी शेजारच्या कपाळावर तो काळा क्रूस दिसेल. त्याला थांबवून विचारावे की बाबा रे, यंदा तुझ्या मंडळीने कोणते जू मोडायचे ठरवले आहे? त्यानेही विचारावे, तुमच्या संघटनेने कोणते? दोघांनाही उत्तर देता आले तर चाळीस दिवस कारणी लागले.